तत्कालीन कर्मचारी

खताळतात्या माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये पहिल्यांदा आले ते भांडतच आले. भांडण माझ्याशी नव्हतं. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं त्यांच्या कुत्रीला ‘हाड’ म्हटलं होतं आणि तात्यांचं म्हणणं असं, की तिनं काय केलं ते आधी सांग, मग हाड म्हण. झेरॉक्सवाला बिचारा “अहो, कुत्रं आहे ते,” एवढंच म्हणत होता.

“कुत्रं हाय ह्यो काय गुन्हा झाला काय?” असं म्हणत तात्या माझ्या दारात आले, चपला काढल्या आणि त्याच आवाजात मला विचारलं, “मराठी टायपिंग करून मिळंल का?”

मी घाबरून हो म्हटलं.

बारामतीत कोर्टाच्या रस्त्यावर माझा क्लास होता. एक खोली, सात मशिनं. सकाळ-संध्याकाळ मुली शिकायला यायच्या, दुपारी मी वकिलांची कामं करायची. नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. तात्या नुकतेच पोलिसातून रिटायर झाले होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून सुटले. मार्केट यार्डाच्या मागं एक खोली घेऊन त्यांनी पाटी लावली होती : ‘खताळ खाजगी तपास. लग्नाची चौकशी, हरवलेली माणसे व इतर.’ लोक त्यांना चेष्टेनं डिटेक्टिव्ह म्हणायचे. त्यावरही ते भांडायचे. उंच, वाळकं शरीर, पांढरा शर्ट आणि खाली नोकरीतली खाकी पॅन्ट. ती पॅन्ट का सोडत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “फाटली न्हाय अजून.”

कुत्रीचं नाव ढवळी. तात्यांच्या चुलतभावाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, ती वाढलेली. एक कान अर्धा तुटलेला. गायीचं नाव कुत्रीला कशाला, असं कुणी म्हटलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं, “ढवळी म्हणून हाक मारली की लोकं आधी वळून बगत्यात. दगड मारायचं राहून जातं.”

ढवळी कधी घरात यायची नाही, उंबऱ्यावर बसायची. पण तिची मेंढरांची सवय सुटली नव्हती. चार जण एकत्र असले की त्यातला एकजण फुटून निघालेला तिला चालायचं नाही. माझ्या मुली सुटल्या की ती त्यांना वळसा घालून घालून पुन्हा दारात आणून उभी करायची. मुली हसायच्या. तात्या आतून ओरडायचे, “जाऊ दे गं त्यास्नी, घरी आया वाट बगत्यात.” मग ती बाजूला व्हायची, पण नाइलाजानं.

त्यांचं अक्षर वाचायला मला महिना लागला. ते शाळेत असताना त्यांचे मास्तर जुने, मोडी लिहिणारे होते. त्यांच्याकडून तात्यांनी एक सवय उचलली होती. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जायची. शब्द कुठं संपला, कुठं सुरू झाला, काही कळायचं नाही. शिवाय ‘ळ’ असा काढायचे की त्याच्या दोन गाठी एकमेकींत अडकलेल्या. अख्ख्या कोर्टाच्या रस्त्यावर तसं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

पहिलंच काम लग्नाच्या चौकशीचं होतं. मुलगा फलटणकडचा, मुलीचा बाप आमच्या गावचा. तात्यांनी लिहिलं होतं, ‘मुलगा दारू पितो.’ मला ते फार उघडं वाटलं. मी टाईप केलं, ‘मुलास मद्यपानाची सवय असल्याचे समजते.’

तात्यांनी कागद वाचला आणि टेबलावर आपटला.

“समजते? कुणाला समजते, बाई?”

“तसं लिहायची पद्धत असते.”

“तीस वरीस मी तीच पद्धत लिवली. ‘समजते’, ‘आढळून आले’, ‘असे झाले’. वाक्यात माणूसच न्हाय. बगितलं कुणी, केलं कुणी, काय न्हाय. सगळं आपोआप झाल्यागत. मी बगितलंय. सोमवारी साडेअकराला, फलटण स्टँडच्या मागं. ‘मी पाहिले’ असं लिवा. आन खाली माझं नाव लिवा.”

मी पुन्हा टाईप केलं. त्यानंतर त्यांचा तो हट्टच झाला. कुठल्याही वाक्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, “हितं नाव लिवा.” मला राग यायचा, पण हळूहळू वकिलांचे कागद टाईप करतानाही माझी बोटं तिथं अडखळायला लागली.

एकदा एक बागायतदार आला. पांढरे कपडे, नवी मोटारसायकल. तात्या माझ्याकडे बसले होते म्हणून तो तिथंच आला. त्याला बायकोवर पाळत ठेवायची होती.

तात्यांनी विचारलं, “बायकूला इचारलं का, कुठं जाती?”

“तिला काय विचारायचं?”

“तिला इचारत न्हाईस आन मला इचारतोस? मी तुज्या बायकूच्या ओळखीचा बी न्हाय.” आणि तिथून जो आवाज चढला तो रस्त्यावरच्या चहाच्या गाड्यापर्यंत गेला. तो माणूस गडबडीनं उठला, पण बाहेर ढवळी होती. ती त्याला मोटारसायकलीपाशी जाऊ देईना. चावली नाही, भुंकलीसुद्धा नाही. नुसती आडवी होत राहिली. त्या माणसाचा पांढरा पायजमा मातीनं भरला. त्या दिवशी मी मनापासून हसले. तात्या हसले नाहीत. त्या न पाहिलेल्या बाईसाठी आलेला राग त्यांना दिवसभर पुरला.

माणसं राग येऊन बोलली की खरं बोलतात, असं ते मानायचे. त्यांची तपासाची पद्धत तीच होती. ज्याच्याकडून कळायचं त्याच्या दारात जाऊन बसायचं, ढवळीला शेजारी बसवायचं, आणि एकच प्रश्न सकाळपासून दुपारपर्यंत विचारत राहायचं. शेवटी समोरचा वैतागून ओरडायचा आणि त्या ओरडण्यात जे हवं ते असायचं.

शालन आली ती उन्हाळ्यात. त्या वर्षी उजनी धरणाचं पाणी फार मागं गेलं होतं. भिगवणकडची माणसं येऊन सांगत होती की बुडालेल्या गावांची देवळं, वेशी, घरांची जोती वर आली आहेत. शालन सोमेश्वरनगरला राहायची. नवरा कारखान्यात फिटर, ती अंगणवाडीत. तिशीच्या आतली, बारीक, आणि बोलताना कुणाच्याही तोंडाकडे नीट रोखून बघणारी. तात्यांच्या खोलीला कुलूप होतं म्हणून शेजाऱ्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

तिची थोरली बहीण कुसुम वीस वर्षांपूर्वी वारली होती. डाळजच्या पुढं, आता पाण्याखाली असलेल्या एका गावात तिला दिलं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्यांची नवी वस्ती अजून आहे. कुसुमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. शालन तेव्हा सात-आठ वर्षांची, बहिणीकडे सुट्टीला गेलेली. एका दुपारी तिला शेजारच्या मळ्यात पाठवलं आणि संध्याकाळी सांगितलं, ताई विहिरीत पडली.

“कागदावर लिवलंय, रहाटानं पाणी शेंदताना पाय घसरला,” शालन म्हणाली. “माज्या आईबापाला कुसुमच्या नवऱ्यानं, राजारामनं, वेगळंच सांगितलं. म्हणला, तुमच्या पोरीनं जीव दिला. कायतरी वंगाळ असंल तिच्या पोटात. आमी सायबाच्या हातापाया पडलो म्हणून अपघात लिवला, तुमची अब्रू राखली. आमचा बाप मरंस्तवर त्या माणसाला हात जोडत व्हता.”

मी पंखा तिच्याकडं वळवला.

“आन त्या विहिरीला रहाट नव्हता,” शालन म्हणाली. “पायऱ्या व्हत्या. ताई पाण्यापातूर पायऱ्यांनी जायची आन मी वरच्या पायरीवर बसायची. आईला सांगितलं, मामाला सांगितलं. समदी म्हणली, तू ल्हान व्हतीस, तुला काय आठवतंय. नंतर तर पाणीच आलं. आता पाणी गेलंय.”

तात्या तिच्या बोलण्याच्या मध्येच आले होते आणि दाराशी उभे होते. त्यांनी गावाचं नाव पुन्हा विचारलं. नंतर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी त्यांना कधी गप्प पाहिलं नव्हतं, म्हणून मला ते लक्षात राहिलं. मला वाटलं, काम अवघड आहे म्हणून विचार करतायत.

“जाऊन बगू,” ते म्हणाले. “परवाच जाऊ. बाई, तुमी बी चला. बगितलेलं तितंच लिवून घेऊ.”

आम्ही भिगवणपर्यंत एसटीनं गेलो, पुढं एक जीप केली. बरोबर एक फोटोवाला घेतला होता. ढवळी तात्यांच्या पायाशी. डाळजच्या पुढं रस्ता संपला आणि आम्ही धरणाच्या पोटात उतरलो. भेगाळलेला गाळ, पांढरे शिंपले, बाभळीची काळी खोडं. कुणी कुणी गाळात कलिंगडं केली होती. ऊन असं की बोलायला तोंड उघडवेना. जीपवाल्यासकट आम्ही पाच जण पांगलो की ढवळी वळसा घालून आम्हाला पुन्हा एकत्र आणायची.

शालनला वाट सापडायला वेळ लागला नाही. देवळाचं जोतं, तिथून डावीकडं एक पार, आणि मग विहीर. चौकोनी, घडीव दगडाची. तीन बाजूंनी छातीला लागेल इतकी उंच भिंत. रहाट बसवायला खांब नाही, खोबण नाही. चौथ्या बाजूनं पायऱ्या. वरच्या नऊ-दहा उघड्या होत्या, खाली गाळ.

शालन वरच्या पायरीवर जाऊन बसली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं मुठीनं त्या दगडावर मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. “हाय,” ती म्हणत होती, “हाय की. हाय की.” तिची बोटं सोलवटली. ढवळी खाली उतरून तिला डोक्यानं वर ढकलायला लागली.

तात्या भिंतीला हात लावून उभे होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता. एकदम ते म्हणाले, “छातीएवढी भित्त. हिच्यावरनं पाय घसरतोय? हे लिवणारा हितं आलाच नव्हता. पोरी, ह्यो लिवणारा कोण त्याला मी सोडत न्हाय.”

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

अहवाल आम्ही दोन दिवसांत केला. फोटो जोडले, विहिरीची मापं घातली. भिंतीची उंची त्यांनी दोनदा लिहायला लावली. शेवटी एक वाक्य होतं : ‘सदरचा पंचनामा तत्कालीन कर्मचाऱ्याने घटनास्थळी न जाता केला असावा.’ मी ते टाईप केलं. नाव लिवा, असं ते म्हणाले नाहीत. नाव माहीत नसेल, असं मी धरून चालले.

पुन्हा चौकशी व्हावी म्हणून शालननं पोलीस कचेरीत अर्ज दिला. कचेरीतून उत्तर आलं की मूळ पंचनाम्याची नक्कल जोडा. तात्या म्हणाले, मी आणतो. पंधरा दिवस गेले, महिना गेला. कधी म्हणायचे रेकॉर्डवाला रजेवर हाय, कधी म्हणायचे दप्तर सापडत न्हाय. शेवटी शालन स्वतःच गेली. चार खेपा घातल्या आणि नक्कल मिळवली. एका दुपारी ती माझ्याकडे आली.

“अक्षर लागत न्हाय, बाई. सुवाच्य टाईप करून द्या.”

मी कागद मशीनच्या शेजारी ठेवला. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ, आणि तिच्याखाली टांगलेली अक्षरं. ‘वेळी’मधला ळ, दोन गाठी एकमेकींत अडकलेल्या.

मला वाचायला अजिबात त्रास झाला नाही. ‘सदर मयत स्त्री ही दुपारचे वेळी विहिरीच्या काठावर उभी राहून रहाटाने पाणी शेंदीत असता पाय घसरून विहिरीत पडून मयत झाली. अंगावरील लुगडे ओले. अंगावर जखम अगर वळ नाही. घातपाताचा संशय नाही.’

शालनला मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी या म्हटलं.

तात्या तासाभरानं आले. नेहमीसारखे कुणावर तरी ओरडत आले. मी एका हातात त्यांचा अहवाल घेतला, दुसऱ्या हातात ती नक्कल.

“तत्कालीन कर्मचारी म्हणजे कोण, तात्या?”

त्यांनी नक्कल बघितली. मग दाराकडे बघितलं. “सायब मेला त्यो. धा वर्सं झाली.”

“साहेबाचं अक्षर मी ओळखत नाही. हे ओळखते.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

“तुम्ही त्या विहिरीवर उभं राहून तिला म्हणालात, लिहिणाऱ्याला सोडत नाही. तिची बोटं रक्तानं भरली होती तेव्हा. माझ्याकडून तत्कालीन कर्मचारी असं टाईप करून घेतलंत. इतके दिवस मला शिकवताय ना? मग आता नाव लिहा.”

मी आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याशी अशी बोलले नव्हते. तात्या मुलींच्या एका स्टुलावर बसले. त्या स्टुलावर ते फार मोठे आणि वेडेवाकडे दिसत होते.

“वाटलं, विहिरीवरच भागंल,” ते म्हणाले. “पायऱ्या दावल्या की पंचनामा खोटा ठरंल. माजं नाव निगायचं न्हाय. तिचं बी काम व्हईल आन माजं बी झाकलं जाईल.”

मग त्यांनी सांगितलं. ते तेव्हा शिपाई होते. साहेबाबरोबर गावात गेले. कुसुम राजारामच्या ओट्यावर होती, वाकळ पांघरलेली. तात्यांनी वाकळ बाजूला केली. लुगडं कोरडं होतं, केस कोरडे होते, गळ्यावर वळ होता. साहेब आत जेवायला बसले होते. तिथूनच सांगत गेले आणि तात्या ओट्यावर बसून लिहीत गेले. ओलं लिही म्हणाले, ओलं लिहिलं. रहाट लिही म्हणाले, रहाट लिहिला. विहिरीकडं कुणी गेलंच नाही. दोन पंचांनी अंगठे दिले.

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“न्हाय.”

“का?”

“भ्यालो.” मग म्हणाले, “तवापासून राग येतोय, बाई. समद्यांचा येतोय.”

मला त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. संध्याकाळी शालन आली तेव्हा मी त्यांना म्हटलं, तिला तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं, उभं राहून, एकही शब्द न गाळता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं.

“सायब जेवले. आन तुमी?”

तात्यांनी मान खाली घातली. “मी बी जेवलो. नंतर.”

शालन उठून गेली. ढवळीनं तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुली यायच्या आधी तात्या आले आणि त्यांनी जबाब सांगायला सुरुवात केली. ‘मी, भिकाजी खताळ, निवृत्त हवालदार, असे लिहून देतो की,’ आणि पुढं प्रत्येक वाक्य ‘मी’पासून. मी पाहिले. मी लिहिले नाही. मी खोटे लिहिले. मी विहिरीवर गेलो नाही. एका ठिकाणी मी चुकून ‘लिहिण्यात आले’ असं टाईप केलं. त्यांनी नुसतं बोट ठेवलं. मी पान काढून फाडलं आणि नवं घातलं.

जबाब शालनच्या अर्जाला जोडून गेला. पाऊस झाला, धरण भरलं, विहीर पुन्हा पाण्याखाली गेली. दिवाळीच्या आसपास एकाच आठवड्यात दोन कागद आले. एक शालनला : ‘प्रकरण फार जुने असल्याने चौकशी करता येत नाही. अर्ज दप्तरी दाखल.’ दुसरा तात्यांना, रजिस्टरनं : ‘आपण घटनास्थळी न जाता खोटा पंचनामा तयार केल्याचे आपल्या जबाबावरून सिद्ध होते. सबब आपल्या निवृत्तिवेतनावर कारवाई का करू नये याचा खुलासा करावा.’

मला ते दोन कागद शेजारी ठेवून वाचताना ओरडावंसं वाटलं. जिनं मरणाबद्दल विचारलं तिला म्हणे फार जुनं झालं. ज्यानं खरं सांगितलं त्याच्यासाठी मात्र काहीच जुनं झालं नव्हतं. तीच कचेरी, तोच शिक्का.

तात्या मात्र वेगळ्याच रागात होते. त्यांचे डोळे चमकत होते.

“बाई, वाचलं का नीट? खोटा पंचनामा. सिद्ध होते. मी म्हणलो न्हाय, सरकार म्हणतंय. शिक्का हाय. एवढाच कागद पायजे व्हता.”

तो घेऊन ते शालनच्या घरी गेले. मलाही नेलं, एकट्यानं जायची त्यांची हिंमत नव्हती. शालनची आई तिच्याकडेच होती, खाटेवर. गुडघ्यांनी बसवलेली, पण कान शाबूत. शालननं आम्हाला या म्हटलं नाही, दार मात्र उघडं ठेवलं. तिनंच तो कागद आईला वाचून दाखवला. म्हातारीला त्यातलं सरकारी मराठी कळलं नसावं. तिनं तात्यांना विचारलं,

“लुगडं वाळल्यालं व्हतं?”

“व्हय, मावशी.”

“केस?”

“ते बी.”

“मंजी तिनं जीव दिला न्हाय.”

“न्हाय दिला. तिला मारली.”

म्हातारी छताकडं बघत राहिली. “वीस वर्सं मी तिचं नाव घेतलं न्हाय,” ती म्हणाली. “देवापुढं सुदिक. मला वाटायचं, हिनं आमच्या तोंडाला काळं फासलं.” मग तिनं शालनला पाणी आणायला सांगितलं. तात्यांनी तांब्या घेतला.

“घरी आलाईस म्हणून पानी पी,” म्हातारी म्हणाली. “आन जा. पुना येऊ नगंस. तवा सांगायचं व्हतंस.”

तात्या उभ्यानं पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि बाहेर पडले. आत म्हातारीनं हाक मारायला सुरुवात केली होती. “कुसे, ए कुसे,” असं. रागावून मारतात तशी. आम्ही रस्त्याला लागेपर्यंत ती ऐकू येत होती.

त्यानंतर तात्यांनी लग्नाच्या चौकशा घेणं बंद केलं. दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, ते राजारामच्या नव्या वस्तीवर जायचे. राजाराम आता तिथला मोठा माणूस, शाळेच्या कमिटीवर. दुसरी बायको, दोन उंचपुरे मुलगे. तात्या त्याच्या दारासमोर रस्त्यावर बसायचे, ढवळी शेजारी, आणि तो कागद मोठ्यानं वाचायचे. पहिल्या गुरुवारी मुलांनी कागद फाडला. तात्यांनी खिशातून दुसरी झेरॉक्स काढली. तिसऱ्या गुरुवारी ढकललं, चष्म्याची काच फुटली. ते फुटक्या काचेतून वाचत राहिले. राजाराम एकदाच बाहेर आला आणि म्हणाला, “वाच. काय वाकडं व्हणार हाय माजं?”

वाकडं काही झालं नाही. त्याला कुणी बोलावलं नाही, कुणी विचारलं नाही. पण सहाव्या की सातव्या गुरुवारी समोरच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि भर रस्त्यात म्हणाली, “वाचतोय ते खरं हाय. वाकळ मीच टाकली व्हती तिच्यावर.” एवढंच बोलून ती आत गेली. तात्यांनी ते मला दोनदा सांगितलं. त्या दिवसानंतर पारावर राजाराम येऊन बसला की लोक एकेक करून उठतात, असं शालनच्या कानावर आलं. कुसुमच्या वाट्याला जो न्याय आला तो एवढाच. मला तो आजही पुरेसा वाटत नाही. तात्यांनाही वाटत नव्हता.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला तात्या वारले. पेन्शनची सुनावणी तेव्हा अजून लागायची होती. ढवळीला चुलतभाऊ मेंढरांबरोबर घेऊन गेला. शालन मातीला गेली होती, मी गेले नव्हते. मला कळलंच दोन दिवस उशिरा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी दोन-तीन महिने. टायपिंगच्या परीक्षेच्या कामासाठी इंदापूरला निघाले होते. डाळजपाशी उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या म्हणून एसटी थांबली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली तात्या मांडी घालून बसले होते. गुरुवार होता. ढवळी उताणी, तिचा पुढचा पाय त्यांच्या मांडीवर. पायात काटा गेला असावा. फुटका चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, पिन हातात धरून ते काटा शोधत होते आणि त्यांचं तोंड एकसारखं चालू होतं. तिला बोलत होते की कुणाला, तेवढ्या अंतरावरून मला ऐकू आलं नाही.

मी हाक मारली, “तात्या.”

त्यांनी वर पाहिलं नाही. फक्त हात वर केला, थांबा जरा, असा.

ट्रॉल्या निघून गेल्या आणि गाडी सुटली.